खेळ, व्यायाम आणि आजारपणातलं इंग्रजी पाठांतराशिवाय कसं शिकायचं

आधीच सांगते, इडियम (वाक्प्रचार) आणि फ्रेजल व्हर्ब (क्रियापदापुढे 'अप', 'आउट' असा छोटा शब्द लागून नवा अर्थ होतो ते) यांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. पाठ केलेलं आठवड्याभरात उडून जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे अर्थ अर्धवट डोक्यात राहतो आणि नेमका नको तिथे तोंडातून बाहेर पडतो. खेळातून आणि दुखण्याखुपण्यातून आलेले शब्दप्रयोग तर रोजच कानावर पडतात, ऑफिसच्या कॉलवर, जिममध्ये, परदेशात असाल तर डॉक्टरकडे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, खेळाचे शब्द त्या त्या खेळाच्या नियमावरून शिका आणि दुखण्याचे शब्द आपण घरात मराठीत जी तक्रार करतो तिच्यावरून शिका. मग डोक्यात पक्कं बसतं.

खेळापासून सुरुवात करू. वहीचं एक पान घ्या आणि वर खेळाचं नाव लिहा. बॉक्सिंग घ्या. बॉक्सर फारच मार खायला लागला की त्याच्या कोपऱ्यातला माणूस रिंगमध्ये टॉवेल फेकतो, म्हणजे बस झालं, आम्ही हरलो. यावरून 'थ्रो इन द टॉवेल', आपलं हात टेकणं. मार खात खात दोरांना टेकला तो 'ऑन द रोप्स', म्हणजे पुरता अडचणीत. राउंड संपल्याची घंटा वाजली आणि वाचला तो 'सेव्ह्ड बाय द बेल'. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांमध्ये तीन मिनिटांचा राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद असं ठरलं, त्यामुळे 'डाउन फॉर द काउंट' म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावंच लागत नाही. कंबरेच्या पट्ट्याखाली मारणं फाउल, म्हणून 'बिलो द बेल्ट' म्हणजे कुणाच्या वर्मावर केलेला घाणेरडा वार. बघा, एकच खेळ नीट समजून घेतला आणि पाच वाक्प्रचार फुकटात मिळाले!

धावण्याचं पण तसंच. 'जंप द गन' म्हणजे घाईघाईने, वेळ यायच्या आधीच काहीतरी करून बसणं. 2011 ला डेगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शंभर मीटरच्या फायनलला उसेन बोल्ट बंदुकीच्या आवाजाआधीच सुटला आणि बाद झाला, तो प्रसंग आठवा, परत अर्थ विसरणार नाही. 'हिट द वॉल' मॅरेथॉनवाल्यांना कळतंच. साधारण तीस किलोमीटरच्या पुढे शरीरातली साठवलेली साखर संपत येते आणि पाय उचलेनासे होतात, मुंबई मॅरेथॉन पूर्ण पळालेल्या कुणालाही परतीच्या पेडर रोडच्या चढाबद्दल विचारा. ऑफिसात कुणी 'आय हॅव हिट द वॉल' म्हणालं तर तो माणूस खरंच थकलाय, त्याला अजून काम देऊ नका.

आता क्रिकेट, आणि इथे मला जास्त बोलायचंय कारण आपण मराठी माणसं इथेच जास्त फसतो. क्रिकेट आपल्याला येतं म्हणून त्यातलं इंग्रजी पण येतं असं वाटतं, पण आपल्याकडचा अर्थ आणि तिकडचा अर्थ एकच असेल असं नाही. आपल्याकडे 'षटकार ठोकला' म्हणजे कमाल केली. इंग्लंडमध्ये 'इट नॉक्ड मी फॉर सिक्स' म्हणजे मला जबरदस्त धक्का बसला, मी पार कोलमडलो. म्हणजे वाक्य बोलणारा बॉल आहे, बॅट्समन नाही! कमाल केली असं म्हणायचं असेल तर 'यू हिट इट आउट ऑफ द पार्क' म्हणा, ते बेसबॉलचं आहे पण आपल्याला हवा तोच अर्थ त्यात आहे. तसंच इनिंगचं. आपण रिटायर झालेल्या माणसाला दुसऱ्या इनिंगच्या शुभेच्छा देतो, छानच आहे ते, पण इंग्रज माणूस 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणतो ते बहुतेक वेळा भरपूर जगून गेलेल्या माणसाबद्दल, सेंड-ऑफच्या भाषणात चुकूनही नको. 'स्टिकी विकेट' त्या काळातलं जेव्हा पिच झाकत नव्हते, पाऊस पडून गेला आणि वर ऊन आलं की बॉल कसाही उडायचा, वळायचा, म्हणून 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अवघड परिस्थितीत सापडलेला. आणि हॅट-ट्रिक आपण दिवसातून दहादा म्हणतो, तिच्यात खरीखुरी हॅट आहे. 1858 मध्ये शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफनसनने लागोपाठच्या तीन बॉलवर तीन विकेट काढल्या आणि लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली.

पण हे सगळं ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लोकांसमोर चालतं. अमेरिकन क्लायंटला स्टिकी विकेट म्हणालात तर तो नुसता हो हो करेल. अमेरिकेसाठी बेसबॉलचं पान वेगळं करा आणि आयटीत असाल तर ते आधी करा. 'लेट्स टच बेस' म्हणजे थोडं बोलून घेऊ. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, तिथे दोन तास बसून एक्सेल काढू नका, त्याला अंदाजच हवाय. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणं. 'रेन चेक' फार गोड आहे, अमेरिकेत 1880 च्या दशकापासून पावसाने बेसबॉलची मॅच रद्द झाली की प्रेक्षकांना पुढच्या मॅचला येण्यासाठी चिठ्ठी मिळायची. 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. बऱ्याचदा ते सभ्य भाषेतलं 'नाही'च असतं, त्यामुळे पुन्हा कधी म्हणून तारीख मागत बसू नका.

टेनिस, फुटबॉलचं जास्त सांगत नाही. चेंडू अमक्याच्या कोर्टात हे मराठी पेपरवाले रोज छापतातच, आणि 'मूव्ह द गोलपोस्ट्स' म्हणजे ऐनवेळी नियम बदलणं, ज्याने क्लायंटबरोबर काम केलंय त्याला उदाहरण द्यायची गरजच नाही.

फिटनेसमध्ये इडियमपेक्षा फ्रेजल व्हर्ब जास्त आणि तिथे छोट्या शब्दाने सगळा अर्थ फिरतो. डॉक्टर किंवा डाएटिशियन 'कट डाउन ऑन शुगर' म्हणाले तर साखर कमी करा, 'कट आउट शुगर' म्हणाले तर पूर्ण बंद. नीट ऐका, हा फरक महत्त्वाचा आहे. 'टेक अप रनिंग' म्हणजे पळायला सुरुवात करणं, 'कीप इट अप' म्हणजे असंच चालू ठेव, 'पुट ऑन वेट' म्हणजे वजन वाढणं. 'वर्क आउट' जिममध्ये व्यायाम, पण 'इट डिडन्ट वर्क आउट' म्हणजे जमलं नाही, मग ते लग्न असो की नोकरी. आणि 'इट', 'देम' असा छोटा शब्द आला की तो मध्ये बसतो: 'बर्न ऑफ द कॅलरीज' चालतं, 'बर्न ऑफ देम' चालत नाही, 'बर्न देम ऑफ' म्हणायचं. पण 'गेट ओव्हर इट' कधी फोडायचं नाही, 'गेट इट ओव्हर' केलं की वेगळंच होतं. यासाठी नियम घोकण्यापेक्षा पूर्ण वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणा, कानाला सवय लागली की चुकीचं आपोआप खटकतं.

आता दुखणी, माझ्या मते सगळ्यात गरजेचा भाग. इथे उलटं करायचं, डाव्या बाजूला मराठी तक्रार लिहायची आणि समोर इंग्रजी वाक्य. 'कणकण वाटतेय' याला एक शब्द शोधत बसू नका, 'आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग' हे त्याच्या अगदी जवळचं. फक्त 'कम डाउन विथ' सर्दी, फ्लू असल्या आजारालाच, हात मोडला किंवा बीपी वाढलं तर नाही. नुसतं बरं नाहीये, सुट्टी हवीय, तर 'अंडर द वेदर'. पायाला मुंग्या आल्या, 'पिन्स अँड नीडल्स'. कंबरेत उसण भरली, अमेरिकेत 'आय थ्रू माय बॅक आउट', इंग्लंडमध्ये 'आय पुट माय बॅक आउट'. पोटरीत गोळा आला तर अमेरिकन 'चार्ली हॉर्स' म्हणतो, घाबरू नका, घोड्याचा काही संबंध नाही, साधं 'क्रॅम्प' म्हटलं तरी भागतं. जुनं दुखणं डोकं वर काढतं ते 'फ्लेअर अप', गुडघा कुरकुर करायला लागला की 'माय नी इज ॲक्टिंग अप'. भूल उतरायला लागली, 'इट इज वेअरिंग ऑफ'. सर्दीतून बरं होणं 'गेट ओव्हर', पण मोठ्या आजारातून वाचणं 'पुल थ्रू', आणि आता सुधारणा आहे तर 'ऑन द मेंड'.

'पास आउट'बद्दल सगळ्यांना सांगत असते. आपण सहज म्हणतो 'आय पास्ड आउट इन 2015', म्हणजे डिग्री झाली. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते तो अर्थ बरोबरच आहे, लष्करी ट्रेनिंगला इंग्लंडमध्येही तसंच म्हणतात. पण कॉलेजबद्दल परदेशात इंटरव्ह्यूला असं बोललात तर ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडला होतात. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. चक्कर येत होती पण शुद्ध होती तर 'आय फेल्ट डिझी', शुद्ध हरपली तरच 'आय पास्ड आउट', कारण डॉक्टर त्यावरून पुढच्या तपासण्या ठरवतात. आणि 'पास अवे' म्हणजे मृत्यू, या दोघांची गल्लत नको. 'लूज मोशन' पण तिकडे कळेलच असं नाही, 'डायरिया' म्हणा.

आई-बाबा मुलांकडे परदेशी जाणार असतील तर त्यांना यातलं बोलायला नाही, ऐकायला शिकवा. नर्सने 'डिड यू थ्रो अप?' विचारलं तर ती उलटी झाली का विचारतेय एवढं कळलं पाहिजे. बोलताना मात्र साधे शब्द, छातीत दुखतंय तर 'चेस्ट पेन', श्वास लागतोय तर 'आय कान्ट ब्रीद', कधीपासून ते तास-दिवसात, आणि गोळ्यांची नावं कागदावर लिहून पाकिटात. तो कागद त्यांच्याकडून दोन-तीनदा मोठ्याने वाचून घ्या, विमानात बसायच्या आधी.