कार्बोरेटर साफ केला, आता गाडी सुरू होत नाही? आधी प्लग काढून बघा

साफ करण्याआधी गाडी सुरू होत होती आणि आता होत नसेल, तर दोष बहुतेक वेळा हात लावलेल्या जागीच असतो. करंटची मोठी कामं इतक्यात काढू नका. ही माहिती जुन्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरसारख्या, केबलने थेट स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त उघडणारा भाग) उचलणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांसाठी आहे.

१. साफ केलेल्या कार्बोरेटरची वाटी, म्हणजे खालचा पेट्रोल साठवणारा भाग, रिकामी असते. पेट्रोल कॉक ऑन करून मिनिटभर थांबा. मग चोक द्या आणि अ‍ॅक्सिलरेटर न पिळता आठ-दहा किका मारा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, नाहीतर बॅटरी उतरेल आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतील.

२. तरीही सुरू झाली नाही, तर प्लग काढा. प्लग कोरडा की ओला, यावर पुढचं सगळं ठरतं. तो वायरच्या कॅपमध्ये बसवून इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारून ठिणगीही बघून घ्या. मात्र प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब धरा, तिथली वाफ पेट घेते.

३. प्लग कोरडा असेल, तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून खाली बाटली धरा. पेट्रोलची सलग धार यायला हवी. धार थोड्या वेळात थेंबांवर आली तर टाकीचं झाकण उघडा. त्याने धार सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. नाही सुधारली, तर पाइप मुडपलाय का आणि फ्लोटची पिन (वाटी भरली की पेट्रोल थांबवते ती) अडकलीय का ते पाहा.

धार चांगली असूनही प्लग कोरडाच राहत असेल, तर संशय पायलट जेटवर. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू. याच जेटवर गाडी सुरू होते आणि आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, चालते. मेन जेटचं काम अ‍ॅक्सिलरेटर बराच उघडल्यावर येतं. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, त्यामुळे बाहेरून चकचकीत जेटही आतून बंद असू शकतो. उजेडासमोर धरा; पूर्ण गोल भोक आरपार दिसलं पाहिजे. सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. जेट बसतो ती बॉडीतली वाटही मोकळी हवी. तिथे कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा. स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून फवारा निघाला पाहिजे. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर फ्लोट आणि रबरी भाग आधी काढून ठेवा.

४. प्लग ओला असेल, तर इंजिन पेट्रोलने भरलंय. इग्निशन बंद करा, प्लग बाहेर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि दहा किका मारा. प्लग पुसून, वाळवून बसवा. पुन्हा ओला झाला तर फ्लोटची पिन बसत नाहीये. कार्बोरेटर काढून उलटा धरा आणि पेट्रोल येण्याच्या नळीत तोंडाने फुंका. हवा जात असेल तर पिनखाली कचरा आहे, किंवा पिनेची बारीक तार फ्लोटच्या पत्रीत अडकवायची राहिली आहे. बराच वेळ ओव्हरफ्लो झाला असेल तर ऑइलची पातळी तपासा. ती वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

५. स्लाइड उलटी बसणं ही फार होणारी चूक आहे. तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा आणि बाजूची खाच बॉडीतल्या पिनेत बसायला हवी. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर ती ‘टक्’ करून खाली आली पाहिजे.

६. इंजिनकडच्या जोडाचा ओ-रिंग क्लीनरने फुगून खाचेबाहेर आला, तर तिथून हवा ओढली जाते. नवा टाका. दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच आधी आवळला तर फ्लॅंज वाकते.

७. एअर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळा, मग दीड ते दोन फेरे सोडा. जोर लावला तर टोक खराब होतं. आयडल स्क्रू (आयडलचा वेग ठरवणारा) एखादा फेरा जास्त ठेवा. गाडी सुरू झाल्यावर पाच मिनिटं गरम होऊ द्या, चोक बंद करा, आयडल साधारण १४०० आरपीएमवर आणा आणि शेवटी एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज जिथे सर्वांत स्थिर लागेल तिथे ठेवा.