ओहोटीच्या वाळूवर आठशे आणि पंधराशे मीटरची तयारी

कोकणातील बहुतेक गावांत सिंथेटिक ट्रॅक नाही. परंतु भाट्ये, गुहागर किंवा दापोलीजवळचे मुरुड येथे ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण आठशे आणि पंधराशे मीटरच्या धावपटूला त्याची सर्वांत मोठी गरज शिकवू शकते. ती गरज म्हणजे घड्याळ न पाहता स्वतःची गती ओळखणे.

सरावाची वेळ तिथी पाहून ठरवावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते, त्यामुळे पहाटे पाणी खूप मागे गेलेले असते आणि धावण्यास रुंद पट्टा मिळतो. अष्टमीच्या सुमारास मात्र सकाळीच भरती असते, म्हणून ते दिवस जांभ्याच्या सड्यावरील, म्हणजे खडकाळ पठारावरील, रस्त्यावर संथ, लांब धावण्यासाठी राखावेत. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात ठेवले की आठवड्याचा आराखडा आपोआप तयार होतो.

मीटरटेपने 200 मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या रोवाव्यात. पुळण समुद्राकडे उतरती असल्यामुळे एकाच दिशेने धावत राहिल्यास एका पायावर अधिक भार येतो. म्हणून जाऊन-येऊन धावणे आवश्यक आहे. शिंपल्यांचे तुकडे असतात, तेव्हा अनवाणी वेगाने धावू नये.

आता गतीविषयी, कारण शर्यत येथेच हातची जाते. पंधराशे मीटर 4:15 मध्ये धावायचे असेल तर 400 मीटरला 68 सेकंद, म्हणजे प्रत्येक 200 मीटरला 34 सेकंद लागतात. सरावात 400 मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, मध्ये दीड मिनिट संथ चालणे किंवा धावणे, असे ठेवावे. फेरी संपल्यावर घड्याळ पाहण्यापूर्वी आपला अंदाज साथीदाराला सांगावा आणि मगच वेळ तपासावी. काही आठवड्यांनी अंदाज एका सेकंदाच्या आत येऊ लागतो. वाळूवर तितक्याच कष्टात वेळ थोडी अधिक लागते, त्यामुळे तिथल्या आकड्यांनी खचून जाऊ नये आणि शक्य तेव्हा जवळच्या शहरातील ट्रॅकवर ते पडताळावेत.

आठशे मीटरचे गणित वेगळे आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने पहिली फेरी 49.28 सेकंदांत घेऊन 1:40.91 असा विश्वविक्रम केला. म्हणजे त्याची दुसरी फेरी दोन सेकंदांहून अधिक संथ होती. सर्वोत्तम धावपटूचीही गती उत्तरार्धात घटते, हे नवशिक्याला दिलासा देणारे सत्य मला फार महत्त्वाचे वाटते. दोन मिनिटांचे लक्ष्य ठेवणाऱ्याने पहिली फेरी 59 सेकंदांच्या आसपास ठेवावी. 55 सेकंदांची हौस शेवटच्या सरळ भागात फार महाग पडते.

पंधराशेत मात्र वेळेपेक्षा डाव मोठा ठरू शकतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने 3:50.00 अशा संथ वेळेत सुवर्णपदक मिळवले, कारण सगळा वेग शेवटच्या फेरीसाठी राखला गेला होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आठशे मीटरला मनजित सिंगने शेवटच्या सरळ भागात जिन्सन जॉन्सनला मागे टाकले आणि त्याच जॉन्सनने पुढे पंधराशेचे सुवर्ण जिंकले. म्हणून आठवड्यातून एकदा, पाय थकलेले असताना, 1000 मीटर मध्यम गतीने धावून न थांबता शेवटचे 200 मीटर पूर्ण वेगाने काढावेत.

किनाऱ्यावरील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर तापते. सूर्योदयापूर्वी मतलई वारे वाहत असतानाच कठीण सराव उरकावा, नंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज किंवा कोकम सरबत घ्यावे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढते, तेव्हा सडा पूर्णपणे टाळावा आणि गावातील छोट्या चढावर 150 मीटरच्या चढत्या धावा घ्याव्यात.

स्पर्धेच्या दिवशी आठशेत पहिले वळण संपेपर्यंत आपली लेन सोडता येत नाही, आणि नंतर आत येताना थेट कडेला घुसण्याची घाई करू नये; समोरच्या सरळ भागात तिरकस, हळूहळू आत सरकावे. पंधराशेत संपूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून काढल्यास सुमारे साडेसात मीटर अंतर अधिक पडते. त्यामुळे वळणावर आतली कड धरावी, समोरच्याच्या खांद्यामागे थांबावे आणि ओलांडायचे असेल तर सरळ भागातच ओलांडावे.