व्याजावर घरखर्च, लाभांशावर पुढची वर्षे : बडोदेकर गुंतवणूकदारासाठी मार्गदर्शन

रिफायनरी, खत कारखाना, रेल्वे, विद्यापीठ किंवा बँक यांपैकी एखाद्या ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणाऱ्या बडोदेकर मराठी माणसाच्या हाती भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम येते, आणि ती आल्याबरोबर दोन प्रकारचे सल्लागार घरी येऊ लागतात. एक म्हणतो, सगळे पैसे मुदत ठेवीत टाका. दुसरा म्हणतो, सात-आठ टक्के लाभांश देणारे शेअर घ्या, व्याजाइतकी मिळकतही सुटेल आणि भांडवलही वाढेल. पहिला महागाई विसरतो आणि दुसरा शेअरचा भाव विसरतो. चालू वर्षाचा खर्च व्याजातून भागवावा, लाभांशाकडे आठ-दहा वर्षांनंतरचा वाढलेला खर्च सोपवावा, आणि लाभांशासाठी शेअर घेताना तो मूल्याच्या हिशेबाने स्वस्त असेल तरच घ्यावा, या क्रमाने चालल्यास दोन्ही चुका टळतात.

आधी घराचा हिशेब मांडावा. समजा, पती-पत्नींचा मासिक खर्च ५०,००० रुपये आहे आणि निवृत्तिवेतन ३०,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपयांची तूट आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत गुंतवता येतात, तिचा ८.२ टक्के दर धरला तर वर्षाचे २,४६,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात जमा होतात. सरकार हा दर तिमाहीगणिक ठरवते, पण आपण पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षांच्या मुदतीसाठी कायम राहतो, आणि निश्चित उत्पन्नासाठी हीच बाब सर्वांत मोलाची आहे. तूट भरून निघाली.

आता तीच तूट केवळ लाभांशातून भरायची ठरवली तर काय होईल, तेही पाहावे. सुस्थितीतल्या कंपन्यांचा लाभांश बाजारभावाच्या सरासरी तीन टक्के धरला, आणि तोही उदारपणे धरला आहे, तर २,४०,००० रुपयांसाठी ८० लाखांचे शेअर लागतील. एवढी रक्कम नसलेला माणूस मग सात-आठ टक्केवाल्या शेअरांकडे वळतो आणि तिथेच फसतो. उलट बाजूने, व्याजाची रक्कम वर्षानुवर्षे तेवढीच राहते. महागाई सहा टक्के धरली तर आजचा ५०,००० रुपयांचा खर्च दहा वर्षांनी सुमारे ८९,५०० रुपयांवर जातो. ही दरी भरण्याचे काम वाढता लाभांश करू शकतो. म्हणून तूट भागवून आणि वर्ष-दोन वर्षांचा आकस्मिक खर्च बाजूला ठेवून जे उरेल, तेवढेच शेअरांत घालावे.

ठेवींबद्दल एकच इशारा. बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच संरक्षण मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. सहकारी बँकांनाही ती लागू आहे, पतसंस्थांना मात्र हे कवच नाही. ओळखीचा संचालक मंडळात आहे, ही हमी नव्हे.

लाभांशाचे आकडे वाचताना पहिला गोंधळ टक्क्यांचा होतो. ‘कंपनीने ४०० टक्के लाभांश जाहीर केला’ अशी बातमी येते तेव्हा ते टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर, मोजलेले असतात. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर ४०० टक्के म्हणजे ८ रुपये, आणि शेअरचा भाव ८०० रुपये असेल तर आपल्या पैशावर मिळकत फक्त १ टक्का. आपल्याला उपयोगी आकडा हा दुसरा आहे; त्याला उतारा म्हणतात. दुसरा गोंधळ याहून घातक आहे. लाभांशाला बाजारभावाने भागून हा उतारा काढतात, त्यामुळे भाव निम्म्यावर आला की उतारा आपोआप दुप्पट दिसतो. कंपनीचे काहीही चांगले झालेले नसते. बहुधा बाजाराला पुढचा लाभांश कमी होणार असल्याचा अंदाज आलेला असतो. शिवाय जमीन किंवा एखादा विभाग विकून दिलेला विशेष लाभांशही त्या आकड्यात मिसळलेला असू शकतो, आणि तो पुन्हा येत नाही.

खरेदीपूर्वी कंपनीचे निदान पाच, शक्यतो दहा वर्षांचे वार्षिक अहवाल पाहावेत. ते कंपनीच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. अध्यक्षांचे मनोगत सोडून थेट रोखप्रवाह पत्रकाकडे जावे. कामकाजातून आलेल्या रोखीतून यंत्रसामग्रीवरचा खर्च वजा केल्यावर जे उरते, त्यातून लाभांश दिला गेला का, हे तपासावे. नफा वाढतो आहे, पण ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमाही तितक्याच वाढत आहेत आणि लाभांशाच्याच वर्षी कर्जही वाढले आहे, असे चित्र असेल तर तो लाभांश उसना आहे. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर तारण ठेवले असतील तर ती कंपनी यादीतून काढून टाकणेच बरे. सरकारी कंपन्यांचा प्रकार थोडा वेगळा आहे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) ४ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा लाभांश किमान द्यावा अशी अपेक्षा आहे. त्यामुळे लाभांश सहसा मिळतो, पण तो ठरवताना सरकारी तिजोरीची गरज बोलते, हे भाव ठरवताना लक्षात ठेवावे.

यानंतर मूल्याचा प्रश्न येतो, आणि बडोद्याच्या आसपास जे उद्योग पिढ्यान्‌पिढ्या दिसतात त्यांच्या बाबतीत तो सर्वांत नाजूक आहे. खते, रसायने, तेलशुद्धीकरण हे चढउताराचे धंदे आहेत. कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा भाव यांतले अंतर एखाद्या वर्षी भरमसाट होते आणि पुढच्या वर्षी नाहीसे होते. कोयलीच्या रिफायनरीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, पण शेअर घेताना तोही ते विसरतो. एक काल्पनिक कंपनी घेऊ. भाव ४०० रुपये, गेल्या वर्षाची प्रतिशेअर मिळकत ३२ रुपये, लाभांश १६ रुपये. भाव मिळकतीच्या साडेबारा पट आणि उतारा ४ टक्के, म्हणजे दिसायला स्वस्त. आता मागची चार वर्षे पाहा : १८, १४, १६ आणि २० रुपये. पाच वर्षांची सरासरी २० रुपये येते. सरासरीवर मोजले तर भाव वीस पट आहे, आणि निम्मा नफा वाटण्याची पद्धत कायम राहिली तर लाभांश १६ नव्हे, १० रुपये, म्हणजे उतारा अडीच टक्के. आंब्याला भरघोस मोहोर आलेल्या एका वर्षावरून कोणी बागेचे मोल ठरवत नाही. तोच नियम इथे पाळावा.

अशा धंद्याला सरासरी मिळकतीच्या बारा पट किंमत रास्त मानली, तर मूल्य २४० रुपये निघते. आपला अंदाज चुकू शकतो, म्हणून त्यातून पाव हिस्सा वगळावा. १८० रुपयांच्या आसपास भाव आला तर खरेदी करावी, नाहीतर थांबावे. या वगळलेल्या पाव हिश्शाला सुरक्षा-अंतर म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या मूल्याधारित गुंतवणुकीत टिकून राहावी अशी ही एकच कल्पना आहे. बाकीची गुणोत्तरे धंद्याप्रमाणे बदलतात. बारा पट हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ज्या कंपनीची मिळकत दहा वर्षांत एकदाही घटलेली नाही तिला अधिक पट देता येईल, आणि कर्जबाजारी कंपनीला आठ पटही जास्त होईल. भाव आपल्या आकड्यापर्यंत येईपर्यंत दोन वर्षे लागली तरी चालेल. तोवर पैसे ठेवीत व्याज मिळवत राहतात.

आपलेपणा हा या शहरातला एक खास धोका आहे. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाविषयी आपल्याला जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे, पण एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळातील अनिश्चिततेमुळे रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देण्यास सर्वच बँकांना मनाई केली, तेव्हा जिव्हाळ्याचा काही उपयोग नव्हता. ज्यांचे लाभांशाचे सगळे उत्पन्न बँकांच्या शेअरांवर होते, त्यांची त्या वर्षी अडचण झाली. बारा ते पंधरा कंपन्या, एका कंपनीत दहा टक्क्यांहून अधिक नाही आणि एका क्षेत्रात पंचवीस टक्क्यांहून अधिक नाही, ही मर्यादा कागदावर लिहून ठेवावी. ज्या कंपनीतून निवृत्त झालो, तिचे शेअर तर आणखी कमी ठेवावेत.

म्युच्युअल फंडांतून दरमहा ‘लाभांश’ मिळवून देतो असे कोणी सांगितले, तर एप्रिल २०२१ पासून सेबी या बाजार नियामकाने त्या पर्यायाचे नावच बदलून त्यात भांडवल काढून घेण्याचा उल्लेख घातला आहे, हे त्याला सांगावे; त्यातला काही भाग आपलेच मुद्दल असू शकतो. रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या मालमत्तांत पैसे गुंतवणारा न्यास, हा पर्याय मात्र विचारात घेण्याजोगा आहे. वाटपयोग्य रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम त्याला युनिटधारकांना द्यावीच लागते.

कराचा विचार शेवटी करावा, पण करावा. एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकानेच आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा असतो. वर्षभरात एका कंपनीकडून १०,००० रुपयांहून अधिक लाभांश आला तर १० टक्के टीडीएस कापला जातो. सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकले तर १.२५ लाखांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराने लाभांशामागे धावू नये. नफा धंद्यातच गुंतवणाऱ्या कंपन्या त्याला अधिक सोयीच्या आहेत. निवृत्ताचे गणित उलटे येऊ शकते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीत व्याज आणि लाभांश बसतात, शेअरविक्रीचा दीर्घकालीन नफा बसत नाही.

विकावे केव्हा, याचे उत्तर खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवावे. भाव मूल्याच्या बराच वर गेला, कर्जाचे प्रमाण बिघडले, किंवा कंपनीने रोखीशिवाय लाभांश देणे सुरू केले, ही तीन कारणे पुरेशी आहेत. नुसता भाव पडणे हे कारण नव्हे.

जुन्या घरांतल्या ट्रंकेत आजोबांच्या नावाची कागदी शेअर प्रमाणपत्रे असतील तर ती आधी बाहेर काढावीत. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरांचे हस्तांतर बंद आहे. वारसाहक्काने नाव बदलणे तेवढे चालते, आणि त्यासाठी मृत्युदाखला व वारसाची कागदपत्रे कंपनीच्या शेअर-निबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे) द्यावी लागतात. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, पण ते कायमचे जात नाहीत. ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत आणि मूळ कागदपत्रे कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे पाठवल्यास, पडताळणीनंतर शेअर वारसाच्या डीमॅट खात्यात आणि साचलेला लाभांश बँक खात्यात परत मिळतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आधार, पॅन, डीमॅट आणि बँक या चारही ठिकाणी वारसाच्या नावाचे स्पेलिंग एकसारखे करून घ्यावे.