नुसतं ‘ग्लास-सिरॅमिक’ लिहून मटेरियल मागवताय? या चुका टाळा

ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात फक्त ‘ग्लास-सिरॅमिक’ दिसलं की मी काम हातात घेत नाही, आधी फोन करतो: कोणतं? कारण हे एका पदार्थाचं नाव नाही, अख्ख्या घराण्याचं आडनाव आहे. इंडक्शन शेगडीची काळी प्लेट, दुर्बिणीचा आरसा, दातावरची कॅप, व्हॅक्यूम चेंबरमधला इन्सुलेटर, सगळे याच घराण्यातले. पण एकाला चाललेली वागणूक दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यांत समान आहे ती जन्माची रीत. आधी काच वितळवून ओततात, आकार देतात आणि मग ठरलेल्या तापमानाला भाजून तिच्या पोटात स्फटिक वाढवतात. कोणते स्फटिक, किती आणि केवढे, यावर पुढचं सगळं ठरतं. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

‘ग्लास-सिरॅमिक तापलं तरी प्रसरण पावत नाही’

सर्वांत महागात पडणारा समज हाच. तो शेगडीच्या प्लेटसारख्या काही प्रकारांपुरता खरा आहे. त्या लिथियम-अॅल्युमिनोसिलिकेट प्रकारात क्वार्ट्झसारखे स्फटिक तापल्यावर किंचित आक्रसतात, उरलेली काच प्रसरण पावते आणि दोन्हींची वजाबाकी शून्याजवळ येते. म्हणून तापलेल्या प्लेटवर थंड पाणी सांडलं तरी ती तडकत नाही.

मशीनिंगसाठी मिळणारं मॅकोर नावाचं ग्लास-सिरॅमिक मात्र दर अंशाला मीटरमागे सुमारे 9 मायक्रॉन वाढतं. स्टेनलेस स्टील वाढतं 17 च्या आसपास. आता स्टेनलेसच्या शाफ्टवर 100 मिमी व्यासाची मॅकोरची रिंग घट्ट बसवा आणि 300 अंशांपर्यंत तापवा. शाफ्ट जवळजवळ अर्धा मिमी वाढतो, रिंग जेमतेम पाव. राहिलेला 0.2 मिमीचा फरक रिंगला ताणत राहतो, आणि ताण हेच या पदार्थाचं दुखणं. दाबाखाली ते 345 मेगापास्कलपर्यंत (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) टिकतं, वाकवलं तर 94 ला संपतं. अशी दुभंगलेली रिंग माझ्यासमोर आणून ‘माल खराब निघाला’ म्हणून सांगितलं गेलं आहे. माल चांगला होता, फिट चुकला होता. गॅप ठेवा, किंवा शाफ्ट टायटॅनियमचा करा. त्याचं प्रसरण मॅकोरच्या अगदी जवळ आहे.

उलटी चूक झेरोडूरच्या बाबतीत होते. दुर्बिणींच्या आरशांसाठीचं हे मटेरियल. नैनितालजवळच्या देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीचा मुख्य आरसा याचाच आहे. त्याचं शून्य प्रसरण रोजच्या हवेच्या तापमानाभोवतीचं. 130 अंशांच्या वर नेऊन वेगळ्या गतीनं थंड केलं की प्रसरणाचा आकडा बदलू शकतो. कोटिंग पक्कं करायला असा भाग 200 अंशांच्या ओव्हनमध्ये ढकलण्याआधी विचारून घ्या.

कापता येतं, म्हणून कसंही कापणं

मॅकोरमध्ये निम्म्याहून थोडे जास्त अभ्रकाचे स्फटिक, बाकी बोरोसिलिकेट काच. अभ्रकाच्या पापुद्र्यांमुळे तडा सरळ धावत नाही. वळतो, अडतो, तिथंच जिरतो. त्यामुळेच साध्या कार्बाइड टूलनं लेथवर ते कापलं जातं. नवा ऑपरेटर या सोपेपणाला भुलतो आणि अॅल्युमिनियमच्या स्पीडनं सुटतो. टर्निंगला मिनिटाला 10 ते 15 मीटर पुरे, मिलिंगला त्याहून कमी. इथे लांब चिप निघत नाही, भुकटी पडते आणि ती टूलची धार खाते. पाण्यात मिसळणारं कूलंट सतत सोडा, म्हणजे भुकटी वाहून जाईल.

ड्रिल पलीकडे बाहेर पडताना टवका उडतो. मागच्या बाजूला दीडेक मिमी जास्तीचं मटेरियल ठेवून भोक पाडा, मग तो थर काढून टाका. टॅपिंगला, म्हणजे भोकात आटे पाडताना, तर हाताची सवयच आड येते. धातूत आपण अर्धा फेरा पुढे, पाव मागे करतो. इथे तसं केलं की आटे मोडतात. टॅप एकाच दिशेनं फिरवा, भोक धातूपेक्षा एक साइज मोठं घ्या आणि दोन्ही तोंडांना आधी चॅम्फर (तिरपी कड) द्या. मशीनिंग झाल्यावर भाग पुन्हा भाजायची गरज नाही. ‘सिरॅमिक आहे म्हणजे फायरिंग हवंच’ असं समजून भट्टीत घालू नका.

भट्टीचा आकडा खरा मानणं

डेंटल लॅबमध्ये फायरिंग टाळता येत नाही. लिथियम डायसिलिकेट या दातांच्या ग्लास-सिरॅमिकचा निळसर ब्लॉक मिलिंगच्या वेळी मुद्दाम अर्धवट भाजलेला, मऊ ठेवलेला असतो; ताकद साधारण 130 मेगापास्कल. कॅप कोरून 840–850 अंशांना भाजली की स्फटिक बदलतात, दाताचा रंग येतो आणि ताकद 360 च्या घरात जाते. भट्टी कमी तापली तर कॅप दिसायला जवळपास ठीक, पण आतून कच्ची राहते. जास्त तापली तर कडा गोलसर होतात. भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल हळूहळू खोटं बोलायला लागतं, म्हणून चांदीच्या तारेची चाचणी ठरावीक काळानं करा; चांदी 962 अंशांना वितळते, त्यावरून भट्टीचा आकडा तपासता येतो.

तापमान चुकल्यानं काय फरक पडतो, असं वाटत असेल तर अमेरिकी संशोधक डोनाल्ड स्टूकी आठवा. 1953 मध्ये कॉर्निंग या काच कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेची प्लेट 600 अंशांना ठेवली आणि नियंत्रक बिघडून भट्टी 900 वर गेली. काच वितळून पसरली असेल असं त्यांना वाटलं. हातात आली पांढरी, अपारदर्शक प्लेट. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर आपटली, धातूसारखी खणखणली आणि फुटली नाही. काचेतल्या चांदीच्या सूक्ष्म कणांभोवती स्फटिक वाढले होते. ज्यांच्याभोवती स्फटिक वाढतात ती बीजं आधी भरपूर तयार झाली, तर स्फटिक बारीक आणि पुष्कळ होतात. नवीन काच भाजताना बीजांची पायरी गडबडीत ओलांडली, तर थोडेच मोठे स्फटिक वाढतात आणि वस्तू ठिसूळ होते.

कॅप चिकटवताना दोन गोष्टी सांभाळा. सिमेंट धरावं म्हणून कॅपची आतली बाजू आम्लानं खडबडीत करतात; लिथियम डायसिलिकेटला 5 टक्क्यांचं हायड्रोफ्लोरिक आम्ल 20 सेकंद पुरतं. ल्युसाइट या दुसऱ्या डेंटल सिरॅमिकच्या सवयीनं मिनिटभर ठेवू नका. फॉस्फोरिक आम्ल फक्त साफ करतं, खडबडीतपणा देत नाही. आणि हायड्रोफ्लोरिक हाताळताना त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावरच हवं. त्याचा भाजल्याचा त्रास कधी कधी तासांनी जाणवतो, तोवर ते आत उतरलेलं असतं.

स्वयंपाकघरात

गॅस शेगडीची काच टफन्ड असते, इंडक्शनची ग्लास-सिरॅमिक. दोन्ही ‘काचच’ म्हणून तारेच्या घासणीनं घासू नका. तापलेल्या रेडियंट प्लेटवर (खालच्या कॉइलनं तापणाऱ्या शेगडीच्या) गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला, तर थंड व्हायची वाट पाहू नका. थंड होताना पाक पृष्ठभागाला धरून ठेवतो आणि सुटताना टवके घेऊन येतो. हात सांभाळून, लांब दांड्याच्या पातीनं, गरम असतानाच खरवडा. प्लेटला केसाएवढी चीर दिसली तर आधी प्लग काढा. पाणी झिरपून आतल्या वायरिंगपर्यंत पोचायला तेवढी वाट पुरते.