केशर-गुलाबजलाची शाई: पंधराचं यंत्र लिहिताना अत्तर कुठे लावायचं आणि कुठे नाही

पंधराचं यंत्र, म्हणजे कुठूनही बेरीज पंधरा येणारा नऊ आकड्यांचा चौकोन, लिहायचं म्हटलं की जो तो वार आणि मुहूर्त सांगत बसतो. शाईबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. माझी पहिली सहा-सात भूर्जपत्रं त्यापायी वाया गेली, म्हणून शाईवरच जास्त लिहिते.

भूर्जपत्र, केशर, गुलाबजल, बाभळीचा डिंक, अत्तराची कुपी, लाल कापड हे सगळं आमच्या नागपूरच्या इतवारी बाजाराच्या एका फेरीत होतं. लेखणीला डाळिंबाची हिरवी काडी तिरपी कापा आणि टोकाला बारीक चीर द्या. दुकानात कस्तुरी दाखवली तर हात लावू नका. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणजे माल खरा असेल तर गुन्हा आणि खोटा असेल तर निव्वळ फसवणूक.

गुलाबजल मात्र पारखून घ्या. 'गुलाबजल' छापलेल्या बऱ्याच बाटल्यांत नुसतं साधं पाणी आणि कृत्रिम सुगंध असतो. तो सुगंध पाण्यात मिसळावा म्हणून साबणाच्या जातीचं रसायन घालतात, कशात ग्लिसरीनही असतं. बाटली जोरात हलवा. फेस येऊन तसाच टिकला तर त्या पाण्याची शाई भूर्जपत्रावर केसाळ पसरणार. मग एक थेंब स्टीलच्या ताटलीवर वाळू द्या. बोटाला चिकट लागलं तर ग्लिसरीन आहे, त्याची शाई कधीच नीट वाळत नाही. पाकळ्या उकळून वाफ धरलेलं पाणी काही मागे न ठेवता उडून जातं. चेहऱ्याला लावायचं गुलाबजल चालेल का, असं विचारतात. त्याच बाटल्यांमध्ये बरेचदा ग्लिसरीन असतं, म्हणून नाही.

आता शाई.

वीस-पंचवीस काड्या केशर. तवा गरम करून गॅस बंद करा, त्यावर केशर मिनिटभर ठेवा आणि छोट्या खलात कुटा. चहाचा एक चमचा कोमट गुलाबजल घालून रात्रभर झाकून ठेवा. खरं केशर पाण्याला हळूहळू पिवळं करतं आणि काडी बराच वेळ लालच राहते. टाकल्याबरोबर पाणी लालभडक झालं तर तुम्ही रंगवलेले तंतू आणलेत. सकाळी मलमलीतून गाळा, नाहीतर लेखणीच्या चिरेत तंतू अडकून आकड्याला शेपूट फुटतं.

मग डिंक, हरभऱ्याएवढा, पूड करून. डिंकाशिवाय केशराचं पाणी म्हणजे नुसता डाग, तो जागेवर थांबत नाही. कतिरा डिंक घालू नका, तो फुगतो, विरघळत नाही. आधी भूर्जपत्राच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघा. कडा पसरल्या तर चिमूटभर डिंक आणखी. वाळल्यावर दुमडताना पापुद्रा सुटला तर डिंक जास्त झाला, गुलाबजल वाढवा. हे दोन-तीनदा करावंच लागतं, पहिल्या फटक्यात मलाही अजून जमत नाही.

आणि या शाईत अत्तर घालायचं नाही. मला एका जाणत्या माणसाने सांगितलं होतं, 'ताई, मोगऱ्याचे चार थेंब टाका, यंत्र जागं होतं.' टाकले. अत्तर म्हणजे तेल, परंपरेने चंदनाचं आणि स्वस्तातलं असेल तर पॅराफिनचं. ते पाण्यावर तरंगलं, लेखणीला आधी तेल लागलं आणि भूर्जपत्रावर शाईचे मोती होऊन घरंगळले. जिथे तेल मुरलं तिथे पत्र पारदर्शक होऊन बसलं, त्यावर पुन्हा काही उमटेना. माझी चूक माझ्या लक्षात आली ती शेजारच्या चाचींमुळे. त्या जाफरानी, म्हणजे केशराच्याच, शाईने तावीज लिहायच्या. माझी दौत हुंगून म्हणाल्या, 'इसमें इत्र डाला किसने?' अत्तर कापडाला, शाईला फक्त गुलाबजल, हा त्यांचा नियम. तेव्हापासून माझाही तोच.

शाई फिकट दिसते, दिसू द्या. गडद करायला अष्टगंध घालाल तर पूड तळाला बसते आणि दर आकड्याला ढवळावं लागतं.

लिहायचं आतल्या गुळगुळीत बाजूने. सालीवरच्या आडव्या काळसर रेघांत शाई धावते, त्या चुकवून चौकोन आखा. मांडणी अशी: वरची ओळ ८, १, ६, मधली ३, ५, ७, खालची ४, ९, २. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज १५. पण ओळीने भरत जायचं नाही, १ पासून ९ पर्यंत चढत्या क्रमाने लिहायचं. त्यामुळे हात सारखा उड्या मारतो आणि वर उजवीकडे ६ लिहिताना मनगट ओल्या ५ वर किंवा २ वर टेकतं. माझी दोन यंत्रं त्या ६ पायी फिसकटली. हाताखाली लाकडी पट्टी धरा आणि प्रत्येक आकडा वाळल्याशिवाय पुढचा घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात उलटी पंचाईत. पारा पंचेचाळिसाला टेकला की शाई लेखणीवरच वाळते आणि कूलर लावला तर पत्र उडतं. सूर्योदयाच्या आत बसा. श्रावणात मात्र एकेका आकड्याला चांगला वेळ द्यावा लागतो.

पूर्ण वाळल्यावर घडी घालून लाल कापडात बांधा. आता अत्तर: कापसाच्या फायावर दोन थेंब, फाया कापडाच्या बाहेरच्या पदरात. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. ताजबागेच्या दर्ग्यात चादरीबरोबर वाहायला लोक नेतात त्यातलं साधं अत्तरही चालतं.

उरलेलं गुलाबजल गुलाबदाणीतून उंबरठ्यावर शिंपडा. हल्ली काही जण त्यासाठी अमेरिकेतलं फ्लोरिडा वॉटर नावाचं सुगंधी पाणी मागवतात. त्यात अल्कोहोल असतं, निरांजनाजवळ शिंपडलं तर भडका उडेल.

यंत्र स्वतःच्या घरासाठी लिहा. आजार बरा करतो म्हणून पैसे घेऊन दुसऱ्याला देऊ नका. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरमध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झालाय. ताप असेल तर आधी डॉक्टर.

वर्षाने भूर्जपत्र बदलताना जुनं तुळशीच्या कुंडीत पुरा. फुटाळा तलावात नेऊन टाकू नका. आणि दोरा नायलॉनचा असेल तर आधी सोडवून घ्या, तो कुजत नाही.