पगाराची शीट भलत्याच पाटलांना जाऊ नये म्हणून

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्याचं ऑफिस बघतो मी, पगार, पीएफ, बिलं, मेल सगळं एकाच टेबलावर. मागे एकदा पगाराची शीट भलत्याच पाटलांना गेली माझ्याकडून. आपल्या खान्देशात मेलमधे 'पाटील' टाईप केलं की खाली रांगच लागते भो, त्यातला पहिला पाटील चटईसाठी प्लास्टिकचा दाणा सप्लाय करणारा निघाला आणि सगळ्या कामगारांचे खाते नंबर त्याच्याकडे.

म्हणून सगळ्यात पहिले जीमेलच्या सेटिंगमधे जाऊन 'अनडू सेंड' (पाठवलेला मेल मागे घ्यायची सोय) 30 सेकंदांवर करा, आधी ते 5 च असतं. आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाका, मेल लिहून अटॅचमेंट लावून झाल्यावर. एक्सेलला पासवर्ड द्या, पण तो त्याच मेलमधे लिहू नका, फोनवर सांगा (कंपनीचं नाव आणि पुढे 123 हा पासवर्ड नसतो).

आता मोठं काम, जुनी साफसफाई. वैयक्तिक डेटाचा कायदा 2023 चा आहे, नियम नोव्हेंबर 2025 ला आले आणि मुख्य अटी मे 2027 पासून लागतील, डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. आपल्याला एवढा थोडीच लावतील म्हणून सेठ हसतात, पण आपल्या मेलमधे काय काय पडलंय ते एकदा बघा तर खरं. कामगारांचे आधार, पासबुकचे फोटो, डॉक्टरचे कागद, ईएसआयसाठी (कामगार विम्यासाठी) पाठवलेले पोराबाळांचे आधार, आणि ज्यांना कामावर घेतलंच नाही त्यांचे बायोडाटे. सर्चमधे 'आधार' टाकून सगळं सापडत नाही कारण निम्म्या फाईलींचं नाव नुसतं 'व्हॉट्सअॅप इमेज' असतं, म्हणून अटॅचमेंटचं फिल्टर लावून वर्षावर्षाने बघा. सेंट फोल्डर विसरू नका, डाउनलोड्सचं फोल्डर तर आधी बघा, खरा उकिरडा तिथेच असतो. आणि डिलीट केलेला मेल ट्रॅशमधे 30 दिवस राहतो, तिथूनही काढा.

पण सगळंच उडवू नका हं. जीएसटीची बिलं आणि हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, पीएफ-पगाराचं रजिस्टर काढायचं की ठेवायचं ते सीएला विचारूनच. ठेवायचं ते मेलमधे नको, वेगळ्या फोल्डरला काढा आणि तो फक्त दोघा-तिघांनाच उघडता येईल असं करा. एकच आयडी-पासवर्ड सगळ्या ऑफिसने वापरायचा हा प्रकार बंद, उद्या काही झालं तर कोणी उघडलं तेच कळणार नाही. कोणी काय उघडलं त्याचे लॉग नियमाप्रमाणे वर्षभर तरी ठेवायचे आहेत.

नवीन कामगार आला की जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. पीएफला पूर्ण नंबर लागतो, तिथे इलाज नाही.

एवढं करूनही चुकीचा मेल गेलाच तर लपवू नका. मी पाटलांना लगेच फोन लावला, मेल डिलीट करायला लावला, मग ज्यांचे खाते नंबर गेले त्यांना सांगितलं, शिव्या खाल्ल्या. नवीन नियमात तर ज्यांचा डेटा गेला त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवायचं आणि मंडळाला 72 तासांत सगळा तपशील द्यायचा. आणि हो, सेठच्या मोबाईलमधल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे आधारचे फोटो राहिलेत अजून, तेवढं तुम्हीच गोड बोलून काढून घ्या.