गोड बंद केलं, तरी साखर का वाढते? या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे कुणाला शुगर निघाली की घरातला पहिला बदल ठरलेला असतो. चहातली साखर जाते आणि गूळ येतो. कंदी पेढ्यांचा बॉक्स पुढे आला की मान हलते, लग्नात जिलेबीचं ताट मागे सारलं जातं. तीन महिन्यांनी रिपोर्ट मात्र होता तिथेच. ‘एवढं पथ्य पाळलं, तरी?’ असं विचारणाऱ्यांचं दुःख खोटं नसतं. पथ्य खरोखर पाळलेलं असतं, पण ते जिभेच्या चवीवर ठरवलेलं असतं. भात, पोहे, चिरमुरे, साबुदाणा गोड लागत नाहीत, पण पचल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं.

आधी गुळाचं बोलू, कारण आपल्या भागात हा गैरसमज फार खोल रुजलाय. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरेत असतं तेच. ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, रसायन न घातलेला गूळ चवीला उत्तम असेल, पण रक्तातल्या साखरेला तो वेगळा ओळखू येत नाही. काकवी, मध, खडीसाखर यांनाही हेच लागू. रसवंतीवरच्या एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. आलं-लिंबू पिळल्याने ती कमी होत नाही. तासगावच्या बेदाण्याचंही तसंच आहे. द्राक्षातलं पाणी गेलं आणि साखर राहिली. दहा-बारा ताजी द्राक्षं खाणं वेगळं आणि येता-जाता मूठभर बेदाणे तोंडात टाकणं वेगळं.

दुसरी चूक भाकरीची. ‘चपाती सोडली, आता शाळूची भाकरीच खातो’ हे चांगलंच आहे, भाकरीत तंतू चांगले असतात. पण एका मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज लागतं आणि त्यात ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. अशा तीन भाकरी आणि वर वाटीभर भात खाल्ला, तर धान्य बदलून हाती फारसं काही लागत नाही. आपण भाकरी पोटभर खातो आणि उसळ तोंडी लावतो. मला वाटतं, एवढं एक उलटं केलं तरी घरातलं निम्मं काम होईल. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, काकडी, मुळा, टोमॅटो. पाव भाग उसळ, डाळ, अंडी किंवा मटण-मासे. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. यासाठी परदेशी बिया नि पावडरी आणायची काही गरज नाही. मटकी, हुलगा, पावटा, कोरेगावचा वाघ्या घेवडा, शेपू, मेथी, शेंगदाण्याची चटणी, ताक हे सगळं आपल्याच बाजारात आहे. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी अशा क्रमाने जेवलं, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. हे करून पाहायला पैसेही लागत नाहीत.

संध्याकाळच्या चहासोबतचं भडंग हलकं वाटतं, पण चिरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळ, फार लवकर पचणारा. परातभर न घेता वाटीभर घ्या आणि त्यात मोड आलेली मटकी, शेंगदाणे, कांदा भरपूर घाला. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा घातला की भर पडते. एकादशी सोडता येत नसेल तर राजगिरा, शेंगदाणे, ताक, काकडी यांवर भर द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपवासाच्या दिवशी डोस काय ठेवायचा हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

चालण्याचीही एक गोम आहे. सकाळी अजिंक्यतारा चढून आलेला माणूस मग दिवसभर गल्ल्यावर बसून असतो आणि रात्री जेवून लगेच आडवा होतो. सकाळचा व्यायाम सोडू नकाच, पण जेवणानंतरची १०-१५ मिनिटं चालणं हे वेगळं औषध आहे. नुकतीच रक्तात आलेली साखर त्या वेळी स्नायू ओढून घेतात.

आता तपासणीकडे, कारण इथे माणसं नकळत स्वतःलाच फसवतात. उद्या रक्त द्यायचंय म्हणून आदल्या रात्री नुसतं ताक पितात आणि रिपोर्ट सुंदर येतो. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हिशेब दाखवते. ही तपासणी ५.७ टक्क्यांच्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली सामान्य, १२६ किंवा वर मधुमेह, आणि लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला पुन्हा तपासतात. अंगात रक्त कमी असेल, विशेषतः लोह कमी असेल, तर एचबीए१सी फसवी येऊ शकते. बायकांमध्ये हे बऱ्याचदा नजरेतून सुटतं. जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. त्या दिवशी जेवण आणि गोळी रोजचीच ठेवा.

घरच्या मीटरवर भलताच आकडा आला तर घाबरण्याआधी हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहा. द्राक्ष सोललेल्या बोटाचा आकडा खरा नसतो. स्ट्रिपची डबी उघडी राहिली होती का, तिची तारीख उलटली आहे का, हेही तपासा. बोट दाबून दाबून रक्त काढू नका.

रात्री कमी जेवूनही सकाळची साखर जास्त येते, अशी तक्रार पुष्कळांची असते. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साखर रक्तात ओततं. म्हणून रात्रीचं जेवणच तोडणं हा उपाय नव्हे. काही दिवस झोपताना आणि उठल्यावर मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. अपुरी झोप, ताप, गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन यांनीही साखर चढते.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तो आकडा बहुतेक वेळा गोळीमुळेच आलेला असतो. सांगलीची हळद, कारलं, मेथीदाणे जेवणात जरूर असू द्या, गोळीच्या जागी नको.

आणि साखर कमी होण्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. गोळी घेतली, जेवायला उशीर झाला, वर शेतात काम निघालं, की हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. माउलींच्या पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटण असं चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी अनवाणीही चालू नये, पायाची जखम कळत नाही. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी कमी असेल तर पुन्हा द्या आणि मग जेवायला घाला. अशा वेळी पेढा देऊ नका, त्यातल्या स्निग्धतेने साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.